दोन इयत्तांचं अंतर

बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून टिटवाळ्यातला पालक आज ‘एलडी’चा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, जो कागद शोधतो, त्याचा उगम एका हुशार मुलापाशी आहे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 14 वर्षांच्या पर्सीची हकिगत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. पर्सीला साधे शब्द वाचता येत नसत, स्वतःचं नावही तो चुकीचं लिही. बीजगणित मात्र सोडवी. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं.

बुद्धी आणि अडचण अशी सुरुवातीलाच एकत्र नोंदली गेली. आपल्याकडे मात्र दोन वेगळ्या वाटा झाल्या. प्रज्ञावंत मुलांसाठी आप्पा पेंडशांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी काढली. वाचन-लेखनात अडखळणाऱ्यांना महाराष्ट्रानं सवलती दिल्या त्या 1996 मध्ये, पर्सीनंतर शंभर वर्षांनी: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित, लेखनिक. टिटवाळ्याचं तर दैवतच महागणपती, तिथं लेखनिकाची लाज कशाला? महाभारत व्यासांनी सांगितलं, लिहून घेतलं गणपतीनं. खालच्या गणिताचं मात्र जपून. पर्सीसारख्या मुलाच्या हातून त्याचं बलस्थानच जायचं.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांच्या तपासणीचं मोठं काम उभं केलं. तिथला निकष असा: बुद्ध्यांक किमान 85 आणि अभ्यास इयत्तेपेक्षा दोन वर्षं मागे.

हुशार मूल निसटतं ते इथंच. चौथीतली एखादी मुलगी चित्रावरून, वर्गात ऐकलेल्यावरून धडा धडाधड म्हणून दाखवते. ती दोन इयत्ता मागे नसते, वर्गाच्या मध्यावर असते. घरी अर्ध्या पानाला तास लागतो. ‘डोकं आहे, पण आळशी आहे’ हा शेरा तिच्या वाट्याला येतो. चारचौघींसारखं दिसण्यासाठी ती रोज किती झिजते, ते या निकषात कुठंच धरलेलं नाही. आठवी-नववीत पाठांतर पुरत नाही, तेव्हा सगळं एकदम कोसळतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आली. मराठी वाचन तपासणारी ‘डाली’ चाचणीही झाली. पण मागे पडणं मोजायचं ते मुलाच्या स्वतःच्या कुवतीपासून, इयत्तेपासून नव्हे. त्याची सुरुवात टिटवाळ्यातल्या कुठल्याही वर्गात करता येईल. एकच प्रश्न आधी तोंडी विचारावा, मग लेखी. दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला, तर गुण चांगले असले तरी मुलाला तपासणीला पाठवावं.