अनैच्छिक क्रिया आणि योगविद्येची कसोटी

सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात जाणारा लोहमार्ग अमळनेरास पोचतो; उत्तरेकडे नर्मदा ओलांडली की मालसर आणि डभोई लागतात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांची घडण याच टापूत झाली. त्यांचा जन्म १८८३ साली डभोईचा, अध्यापन अमळनेरास, आणि योगाची दीक्षा मालसरच्या परमहंस माधवदासजींची. योगी इच्छामात्रे हृदय थांबवितो, ही आपल्या समाजातील जुनी श्रद्धा. तिची कसोटी कशी लागली, हे पाहावयाचे तर या पुरुषापासून आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

शरीराचा पुष्कळसा कारभार आपल्या अनुज्ञेवाचून चालतो. हृदयाचे स्पंदन, आतड्यांची हालचाल, घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचे आकुंचन हे सारे ज्या मज्जासंस्थेकडे आहे, तिला केंब्रिजच्या लँग्ले यांनी १८९८ साली ‘स्वायत्त’ हे नाव दिले. तिच्या दोन शाखा : अनुकंपी शाखा संकटकाळी नाडी जलद करते, परानुकंपी शाखा तिला आवरते. मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी हृदय चालूच राहते, इतकेच नव्हे तर मिनिटास सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीत ते ७०च्या आसपास राहते ते व्हेगस या मज्जातंतूने लगाम धरलेला असतो म्हणून.

या ज्ञानाची आणि योगग्रंथांची सांगड घालण्याचा मोह आपल्याकडे अनेकांस झाला. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगसच असे प्रतिपादन केले. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत सर जॉन वुड्रॉफ यांनी मात्र हे समीकरण मान्य केले नाही! आमच्या मते वुड्रॉफ यांचीच बाजू बळकट होती. दोन परिभाषांतील शब्द शेजारी मांडल्याने शरीराविषयी नवे काहीच कळत नाही.

कुवलयानंदांनी शब्दांऐवजी मोजमाप निवडले. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांवर उड्डियान व नौली यांचे प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हे दाबमापकाने सिद्ध झाले. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनी गुरूंचे नाव दिले. बस्तिक्रियेत पाणी वर का चढते, याचा उलगडा त्यातून झाला. पोटाचे स्नायू इच्छेच्या अधीन, आतडी नाहीत. पण एकाच्या द्वारा दुसऱ्यावर परिणाम घडविता येतो.

हृदयाच्या बाबतीतही पुढे हेच आढळले. १९३५ साली तेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ विदुषीने भारतात येऊन घेतलेल्या विद्युत्‌-आलेखात लहरी जवळजवळ लोपल्या होत्या, आणि त्यावरून मोठा गाजावाजा झाला. वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या तिघांनी तसा दावा करणारे चार योगी तपासले व १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तिघांची नाडी हातास लागेनाशी झाली खरी, परंतु आलेखात हृदय चालूच होते. श्वास कोंडून, छाती व पोट आवळून धरल्याने शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त रोखले जाई. मग मनगटापर्यंत ठोका पोचणार कसा? चौथ्याने मात्र आपल्या हृदयाची गती खरोखरच मंद केली. तीही बहुधा स्नायूंच्याच द्वारा, असे संशोधकांचे मत पडले.

श्रद्धाळू मंडळींनी यात योगाचा पराभव पाहिला. आम्हांस तसे वाटत नाही. श्वसन ही क्रिया आपोआपही चालते आणि आपल्या हातीही असते. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. पूरकाहून रेचक लांबविण्याचा प्राणायामातील परिपाठ ज्यांनी घातला, त्यांना व्हेगसचे नावही ठाऊक नव्हते.