रिमोटवरच्या आकड्याचा इतिहास

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत काय काय बदललं, हे या अंकात इतरांनी लिहिलंच आहे. लिफ्ट, पाण्याची टाकी, पार्किंगचे वाद, सगळं आलं. मला एका वेगळ्या बदलाबद्दल लिहायचं आहे. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा इमारतीच्या मागच्या भिंतीवर एसी बोटांवर मोजण्याइतके होते. आज मागे जाऊन बघा, भिंत शोधावी लागते. एसीबरोबर घरोघरी एक नवं भांडणही आलं. रिमोटवर आकडा कोणता ठेवायचा? मुलांना १८ हवा, आजींना २७. भर मे महिन्यात १८ वर एसी लावून वर दुलई घेऊन झोपणारी मंडळी आपल्याच इमारतीत आहेत. नावं सांगत नाही! हे भांडण घरगुती वाटतं खरं, पण त्यात मोठमोठ्या देशांचे राष्ट्राध्यक्षही पडले आहेत.

सुरुवात थंड मुलखात झाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणारी एक संस्था होती. तिथे वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. हिवाळ्यात तळघरातली भट्टी किती पेटवायची हे कळायला शिपाई सारखा वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि परत खाली जायचा. शिकवणाऱ्याची लय मोडायची ती मोडायचीच. जॉन्सन यांनी त्यावर विजेचं एक उपकरण तयार केलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. वर्गातलं तापमान बदललं की खाली भट्टीपाशी इशारा जायचा. शिपायाचे हेलपाटे वाचले. हाच खोलीतला विजेचा थर्मोस्टॅट.

त्या इशाऱ्यात सगळं तत्त्व आलं. थर्मोस्टॅट स्वतः काही गार करत नाही की गरम करत नाही. तो फक्त 'चालू कर' किंवा 'बास' एवढंच सांगतो. बाहेरून घामाघूम होऊन आल्यावर १६ दाबलं की खोली लवकर गार होते, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. तसं होत नाही. खोली ३२ अंशांवर असेल तर साधा एसी २४ लावला तरी पूर्ण ताकदीनेच सुरू होतो. १६ लावल्यावर फरक एवढाच, की 'बास' हा शब्द त्याला फार उशिरा ऐकू येतो, आणि मे महिन्यात बहुधा येतच नाही. इन्व्हर्टर एसी ठरलेल्या आकड्याजवळ आला की सावकाश चालतो. पण तो आकडाच गाठता आला नाही तर सावकाश होणार कधी?

दुसरी गोष्ट भिंतींची. बाहेर ३४ आणि आत २४ असेल तर फरक दहाचा. आत १८ केलं तर सोळाचा. भिंती, काचा आणि फटींतून आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते. ती रात्रभर उपसून बाहेर टाकायचं काम एसीचं आणि पैसे आपले.

बचतीसाठी हा आकडा बदला, असं सरकारने जाहीरपणे सांगण्याची वेळ १९७३ साली आली. अरब देशांनी तेल रोखलं होतं. ७ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवरून लोकांना घरातला थर्मोस्टॅट सहा अंश फॅरनहाइटने खाली आणायला सांगितलं. दिवसाची सरासरी ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपले २० अंश व्हावी, असा हिशेब होता. तिकडे प्रश्न ऊब मिळवण्याचा, त्यामुळे बचतीची दिशा आपल्या उलट. पुढे २ फेब्रुवारी १९७७ रोजी जिमी कार्टर बटणांचा स्वेटर घालून, शेकोटीशेजारी बसून बोलले. दिवसा ६५ आणि रात्री ५५ फॅरनहाइट ठेवा, म्हणाले. ५५ म्हणजे जेमतेम १३ अंश! लोकांना बचतीपेक्षा तो स्वेटरच जास्त लक्षात राहिला. १९७९ मध्ये त्यांनी कचेऱ्या आणि दुकानांसाठी नियमच केला. हिवाळ्यात ६५ च्या वर गरम करायचं नाही आणि उन्हाळ्यात ७८ च्या, म्हणजे सुमारे साडेपंचवीस अंशांच्या, खाली थंड करायचं नाही. रेगन यांनी १९८१ मध्ये सत्तेवर येताच तो काढून टाकला.

माझ्या मते यातला खरा धडा जपानने शिकला. तिथेही १९७९ च्या तेलटंचाईत अर्ध्या बाह्यांचा कोट काढला होता. पंतप्रधान ओहिरा यांनी तो स्वतः घालून दाखवला, पण लोकांनी काही तो अंगाला लावून घेतला नाही. मग २००५ साली पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी 'कूल बिझ' मोहीम आणली. सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात एसी २८ वर ठेवायचा आणि त्याच वेळी टाय-कोटाला सुट्टी द्यायची. पंतप्रधान कोइझुमी टायशिवाय दिसू लागले, मग कारकुनाला कसली लाज? ही मोहीम टिकली. नुसता आकडा बदलून भागत नाही, अंगावरचे कपडेही बदलावे लागतात. आपल्याकडे सुती सदरा आणि डोक्यावर पंखा दोन्ही आधीपासून आहेत. २६ वर एसी आणि सोबत मंद पंखा लावून बघा, दुलई कपाटातच राहील.

आपल्याकडे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी २००२ साली स्थापन झाली, २००६ मध्ये ताऱ्यांची लेबलं आली आणि २०१० पासून ती खोलीच्या एसीवर सक्तीची झाली. पण तारे फक्त यंत्राची कुवत सांगतात. पाच ताऱ्यांचा एसी १८ वर चालवणं म्हणजे चांगल्या मायलेजची गाडी घ्यायची आणि ब्रेकवर पाय ठेवून चालवायची. म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये अधिसूचना निघाली. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ वर लावून यायला लागले. बदलायची मुभा अर्थातच आपल्याला आहे.

ब्युरोचा अंदाज असा, की आकडा एका अंशाने वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. समजा एका घराचे महिन्याला ३४० युनिट होतात आणि त्यातले २०० एसीचे आहेत. २० वरून २४ वर आलं तर अंदाजे ४८ युनिट वाचतील आणि बिल २९२ युनिटवर येईल. आपल्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्यातला युनिट महाग. म्हणजे वाचलेल्या ४८ मधले ४० युनिट महागड्या टप्प्यातले. बिलाच्या मागच्या बाजूचा तक्ता सहसा कोणी वाचत नाही, तो एकदा चष्मा लावून वाचावा.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नव्या एसींचा आकडा २० ते २८ च्या मर्यादेत ठेवण्याचा विचार जाहीर केला. आपल्या हॉलमधले दोन एसी मात्र जुने आहेत आणि थेट १६ पर्यंत उतरतात. मुंजी-बारशाला पाहुणे दारं उघडी टाकून त्यांना तिथवर नेतातही. त्यांचं बिल कॉमन मीटरवर येतं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं. रिमोट ऑफिसमध्ये ठेवावा की हॉलचं मीटर वेगळं घ्यावं, हा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर यावा असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे.