शंभर पाण्यांच्या तुपापासून हत्तीच्या ट्यूबपर्यंत

कापूस वेचणीला गार वारा सुटला की आपल्या लोणखेड्यात टाचा भेगाळतात, पोटऱ्यांवर खवले धरतात. काहीजणींचं दुखणं तर बारमाही. आज त्यावरच्या मलमांचा इतिहास पाहू.

सातपुड्यात मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळंबीचं तेल अंगाला चोळत आले. वैद्यांकडं शतधौत घृत होतं. तांब्याच्या भांड्यात तूप घालायचं, पाणी ओतून फेटायचं, पाणी काढायचं, पुन्हा नवं ओतायचं, असं शंभर वेळा. तूप पांढरं, लोण्यासारखं हलकं होतं. हे फेटणं कुणाच्या हातानं व्हायचं, ते आपल्याला सांगायला नको! तेल-पाणी असं एकजीव करणं, आजच्या क्रीमचंही गुपित तेच. स्निग्ध थर कातडीतलं पाणी उडू देत नाही.

1872 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी खनिज तेलापासून केलेल्या व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. 1929 साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी स्वदेशी बोरोलीन काढलं, तेच हत्तीचं चित्र असलेलं. त्यात बोरिक ॲसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. ठेलाऱ्यांच्या मेंढीवरून हात फिरवला की बोटांना चिकटतं ते. 1968 मध्ये स्वीडनच्या स्वानबेक यांनी खवले धरणाऱ्या कातडीसाठी युरियाचं मलम मांडलं. हो, युरिया! आपल्या कातडीतही तो थोडा असतो नि पाणी धरून ठेवतो. म्हणून शेतातल्या गोणीतला कुणी लावू नका, तो औषधाचा नव्हे.

याच वाटेत 1952 पासून स्टेरॉइडची मलमं आली. डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिली तर ती कामाची. पण खाज लगेच बसते म्हणून दुकानातून परस्पर आणतात, गोरं व्हायला पोरी तोंडाला फासतात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, नायटा असेल तर पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मिळतातच.

ट्यूब सारख्याच दिसतात, म्हणून गटातल्या शिकलेल्या लेकीकडून नाव वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन दिसलं तर ते कोरडेपणाचं साधं क्रीम नाही. आधीपासून लावत असाल तर पुढं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. साधं क्रीम मात्र रोज लावा, आंघोळ झाल्यावर, अंग ओलसर असतानाच.