सुट्या गाण्याची कुळकथा

यूट्यूबवर भटकताना अवचित हाती लागणाऱ्या तऱ्हेवाईक गाण्यांचं मूळ शोधायला निघालं, की लोक थेट अमेरिकेत जाऊन पोचतात. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही आलं, 2005 मध्ये यूट्यूब आलं, झाली वंशावळ. आपल्याकडच्या गाण्यांना ती लागू पडत नाही. एमटीव्हीवरचा व्हिडिओ बहुतांशी रेकॉर्ड खपवायला केलेला, जन्मतःच सुटा. त्याच्या मागे-पुढे गोष्ट नसे. आपलं गाणं गोष्टीच्या पोटी जन्मतं, मग ती सिनेमाची असो, नाटकाची असो की खडी गंमत या लोकनाट्याची, आणि पुढे कधीतरी तिच्यापासून तोडलं जातं. त्यात दिसणारा विक्षिप्तपणा बहुतेक वेळा या तोडण्यातून येतो, असं माझं म्हणणं आहे.

तोडण्याचं काम इंटरनेटच्या कितीतरी आधी सुरू झालं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढे ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ यांनी घराघराला एक सवय लावली, सिनेमा न बघता त्यातलं गाणं बघण्याची. भगवानदादांच्या ‘अलबेला’तलं (1951) ‘शोला जो भडके’ घ्या. सिनेमात ते नाटकवेड्या गरीब तरुणाच्या रंगमंचावरच्या यशाचा भाग आहे, म्हणून तो भपका आणि तो वेष शोभतो. नुसतं गाणं पाहणाऱ्याला दिसतो तो हवाई बेटांच्या थाटाचा पोशाख घालून खांदे उडवणारा एक जाडगेला माणूस. राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’मधलं (1965) ‘जान पहचान हो’ तर आणखी दूर गेलं. क्लबातल्या त्या पार्टीतून एका रहस्यपटाची सुरुवात होते. पण 2001 च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाने तेच गाणं आपल्या आरंभी वापरलं आणि लक्ष्मी छाया व मुखवटे घातलेले नर्तक कुठल्या परग्रहावरून आल्यासारखे नव्या प्रेक्षकांपुढे उभे राहिले. गाण्यातलं एक पाऊलही बदललं नव्हतं, बदलली होती ती आजूबाजूची गोष्ट.

हीच उलथापालथ आता भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, एकोडीसारख्या धानाच्या गावांतल्या लोककलेच्या वाट्याला आली आहे. हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा मुलूख, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार हा लोकनाट्यप्रकार यांचा आयुष्यभर अभ्यास केला तो इथलाच. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर चालणारी नाटकं यांचा हंगाम सुरू होतो. त्यातल्या एखाद्या खडी गंमतीचा तुकडा मोबाइलवर येतो तेव्हा काय दिसतं? शाहीर डफावर थाप मारून ओळ टाकतो, मागचे तिचं शेपूट धरून ठेवतात, लुगडं नेसलेला पुरुष गिरकी घेतो. मध्येच कुणी नोट पुढे करतो, गाणं थबकतं, बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि ढोलकी पुन्हा लय धरते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे थबकणं चमत्कारिक वाटतं. मांडवात बसलेल्याला मात्र ते कार्यक्रमाचं अंगच वाटतं, कारण ज्याचं नाव पुकारलं तो त्याचा शेजारी असतो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि मांडव व हा परका प्रेक्षक यांच्यातलं अंतर एका बोटाचं उरलं.

यावर कुणी म्हणेल, काही गाणी मुद्दामच वेडीवाकडी केलेली असतात, तिथे संदर्भ कसला तुटला? दलेर मेहंदीचं ‘तुनक तुनक तुन’ (1998) हे त्याचं ठळक उदाहरण: एकाच पडद्यावर चार-चार दलेर. पण त्याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका तेव्हा होत होती. त्याने सगळ्या मुलींना रजा दिली आणि स्वतःलाच चौपट केलं. भांडण ठाऊक असेल तर हा सडेतोड जवाब आहे, ठाऊक नसेल तर निव्वळ खुळेपणा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तोडलेलं गाणं पाहणं म्हणजे त्याची टर उडवणं. तसं घडतंही. 2007 मध्ये प्रभुदेवाच्या एका तमिळ गाण्याखाली, ऐकू येईल तसे इंग्रजी शब्द बसवलेला व्हिडिओ जगभर हसत पाहिला गेला. तरीही गाणी तोडूच नयेत, असा निष्कर्ष मला पटत नाही. ‘अलबेला’ आज किती जण अथपासून इतिपर्यंत बघतील? भगवानदादांची ती ठुमकी पिढ्या ओलांडून आली ती सुट्या गाण्यावर स्वार होऊनच. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर कुतूहल जागं झालेल्या माणसाला मोबाइलवरचा तुकडाच आधी सापडणार.

तेव्हा गाणं तोडणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर एकेक जबाबदारी येते. व्हिडिओ चढवणाऱ्याने गाव, मंडळ, शाहीर आणि साल एवढं खाली लिहावं. ‘धमाकेदार डान्स’ या मथळ्यातून काहीच कळत नाही. आणि पाहणाऱ्याने, गाणं जितकं अधिक विचित्र वाटेल तितक्या नेटाने, ते कशातून तोडलं आहे हे विचारावं.