मणक्यातली चरबी

कांदिवलीत मी एक्स-रे काढायला लागले तेव्हा कर्करोग मणक्यात उतरलाय का, हे आधी फिल्मवरच बघितलं जायचं. डार्करूममधून ओली फिल्म आणून व्ह्यू बॉक्सवर लावायची आणि प्रत्येक मणक्याचे दोन डोळे, म्हणजे पेडिकल, जागेवर आहेत का ते पाहायचं. एक डोळा मिटलेला दिसला की डॉक्टर गप्प होत. पण हाड पोखरलेलं फिल्मवर दिसतं ते त्यातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्यावर. मग रुग्णाची चिठ्ठी परळच्या टाटा मेमोरियलची. चारकोप, पोईसर, आकुर्लीची माणसं पाठीत कळ घेऊन लोकलने दादर गाठायची. १९४१ साली सुरू झालेल्या त्या इस्पितळात आमची उपनगरं आजही जातात.

१९८४ साली डब्ल्यू. थॉमस डिक्सन यांनी 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एमआरआयवर एक छोटा लेख लिहिला. मला तो फार मोलाचा वाटतो. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातले आणि चरबीतले प्रोटॉन एका वेगाने फिरत नाहीत. १.५ टेस्लाच्या एमआरआय मशीनमध्ये चरबीचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांनी मागे पडतात. साधारण २.३ मिलिसेकंदांना दोघांचे संदेश एकमेकांविरुद्ध जातात, ४.६ ला पुन्हा जुळतात. दोन्ही क्षणी चित्र घ्यायचं. जिथे पाणी आणि चरबी शेजारी आहेत, तिथे विरुद्ध क्षणी संदेश वजा होतो आणि ती जागा काळवंडते.

मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या मज्जेत पाणी आणि चरबी दोन्ही असतात, वयाबरोबर चरबी वाढते. कर्करोगाच्या पेशी शिरल्या की चरबीला हुसकावून लावतात, मग ती जागा काळवंडत नाही. घरात पडून मणका दबलेल्या आजींचा साधा एमआरआय पाहून घरचे हादरतात, कारण सूज आणि गाठ दोन्ही त्यातल्या टी१ चित्रात काळ्याच दिसतात. पण नुसत्या ठिसूळपणाने मोडलेल्या हाडात चरबी बहुधा शिल्लक असते. २००५ साली संशोधक झॅजिक आणि सहकाऱ्यांनी सीमारेषा सुचवली: विरुद्ध क्षणी संदेश २० टक्क्यांहून जास्त उतरला तर जागा बहुधा निरुपद्रवी. बहुधाच. हिमॅन्जिओमा ही साधी गाठ कधी इतकी चरबीने भरलेली असते की वजा व्हायला पाणीच पुरत नाही. म्हणून आता अनेक क्षण टिपून चरबीची टक्केवारीच मोजतात. सुई नाही, किरणं नाहीत, थोडा जास्तीचा वेळ. मणक्यात शंकेची जागा दिसली की हे चित्र घ्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

फक्त परदेशातला आकडा मुंबईत तसाच लावू नये. इथे मणक्याचा क्षय आहे. पू आणि क्षयाची गाठही चरबीला तशीच हुसकावते, आकडा कर्करोगासारखाच येतो आणि औषधोपचार मात्र अगदी वेगळे. तेव्हा सुईने तुकडा काढावाच लागतो. आमच्याकडे बायोप्सीच्या ट्रेमध्ये दोन बाटल्या तयार असतात: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मलिनची, क्षयाच्या तपासणीसाठी सलाइनची. फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही, म्हणून सलाइनची बाटली आधी उघडायची, हे मी प्रत्येक नव्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी सांगते.