काचेची तोफ : पोकेमॉनच्या रणांगणातील अलकझाम

पोकेमॉन हे नाव भारतातील घराघरांत पोहोचले ते दूरचित्रवाणीवरील कार्टूनमुळे. मूळ व्हिडिओ गेम मात्र त्याहून जुना. निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्रासाठी तो 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. वरवर पोरखेळ वाटणाऱ्या या खेळाच्या पोटात बुद्धिबळाच्या जातकुळीचे एक युद्धशास्त्र दडलेले आहे. दोन खेळाडू आपापले सहा प्राणी घेऊन समोरासमोर येतात. प्रत्येक फेरीत दोघेही आपली चाल गुप्तपणे निवडतात आणि मग दोन्ही चाली एकामागून एक घडतात. कोणाची चाल आधी, हे साधारणपणे प्राण्याचा वेग ठरवतो.

या एका नियमातून एक स्वतंत्र जात जन्माला आली. अतिशय चपळ, अतिशय मारक आणि तितकाच नाजूक असा हा लढवय्या. चाहत्यांच्या बोलीत त्याला 'ग्लास कॅनन', म्हणजे काचेची तोफ म्हणतात. पहिल्या आवृत्तीपासून या जातीचा नमुना म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो मानसिक शक्तीचा, दोन्ही हातांत चमचे धरलेला अलकझाम. त्याचे मूळ गुणांकच त्याची कुंडली सांगतात : विशेष आक्रमण 135, वेग 120, मात्र जीवनशक्ती 55 आणि बचाव अवघा 45. हा समोरच्याला एका घावात लोळवतो आणि स्वतःही एका घावात लोळतो.

पहिल्या पिढीत त्याचे दिवस सुखाचे होते. मानसिक गटाला वचक बसवणारे कीटक गटाचे हल्ले दुबळे होते आणि प्रोग्रॅमिंगमधील चुकीमुळे भूत गटाचे हल्ले त्याला लागतच नसत. भरीस भर म्हणजे निर्णायक घाव बसण्याची शक्यता तेव्हा मूळ वेगावरून ठरे. अलकझामच्या वाट्याला ती सुमारे 23 टक्के येई. 1999 साली दुसऱ्या पिढीने 'डार्क' हा नवा गट आणला, त्यावर मानसिक हल्ल्यांचा काहीच परिणाम होत नाही, आणि हे सुख संपले.

खरी परीक्षा सुरू झाली ती 2006 साली, डायमंड आणि पर्ल या आवृत्त्यांपासून. येथे आकडेमोडीत शिरावे लागते, कारण नाजूक लढवय्याचे आयुष्य एका-दोन अंकांवर टांगलेले असते. अधिकृत स्पर्धांतील पन्नासाव्या पातळीवर, वेग वाढवणारा 'टिमिड' स्वभाव आणि वेगाचे पूर्ण प्रशिक्षण दिलेल्या अलकझामचा वेग 189 होतो. मारकक्षमता वाढवणारा 'मॉडेस्ट' स्वभाव निवडला, तर हल्ला 187 वरून 205 वर जातो, पण वेग 172 वर अडतो. नवख्या खेळाडूला दुसरा सौदा फायद्याचा वाटतो. आता टायरानिटार या डार्क आणि खडक गटातील अजस्र प्राण्याला, वेग दीडपट करणारा पण एकाच चालीत जखडून टाकणारा चॉइस स्कार्फ दिला, तर त्याचा वेग जास्तीत जास्त 186 होतो. म्हणजे 189 चा अलकझाम तीन अंकांनी आधी चालतो, तर 172 चा अलकझाम चालण्याआधीच आडवा होतो. बचाव 45 असलेल्या प्राण्याला जवळजवळ वेगवान असून भागत नाही. हल्ल्यातील दहा टक्के गमावून वेग घ्यावा, हाच शहाणपणाचा सौदा.

याच टायरानिटारकडे 'परस्यूट' नावाची एक कपटी चाल होती. पळून जाणाऱ्यावर तिचा जोर दुप्पट होतो, त्यामुळे अलकझामला माघारी बोलावले की तो दारातच मारला जाई. तो रणांगणात राहील की पळेल, याचा अंदाज बांधणे हा एक मोठा मानसिक डाव मानला जाई. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. अलकझामची जीवनशक्ती सुमारे 131. पूर्ण ताकदीच्या टायरानिटारचा परस्यूट, त्याने न पळता उभे राहिले तरी, किमान तेवढीच हानी करतो. पळाला तरी मरण, थांबला तरी मरण. अशा वेळी थांबून 'फोकस ब्लास्ट' डागणे हेच उचित, कारण तो टायरानिटारला चौपट लागतो. त्याची अचूकता 70 टक्केच असली, तरी दहांत सात संधी शून्याहून केव्हाही बऱ्या. (2019 साली स्वॉर्ड आणि शील्ड या आवृत्त्यांतून परस्यूट वगळण्यात आला, आणि तो जाच टळला.)

वेगाला बगल देणाऱ्या चालींचे संकट याहून मोठे. सायझर हा पोलादी कीटक स्वभावतः मंद. वेगाचे प्रशिक्षण न दिल्यास त्याचा वेग 85 च राहतो. पण 'बुलेट पंच' ही चाल वेग न पाहता आधी घडते. 189 चा वेग तेथे कवडीमोलाचा ठरतो. पूर्ण ताकदीच्या सायझरचा हा ठोसा 105 ते 124 इतकी हानी करतो, म्हणजे धडधाकट अलकझाम जेमतेम वाचतो. मात्र सायझरने बळ वाढवणारी वस्तू धरली असेल किंवा अलकझामला आधीच ओरखडा उठला असेल, तर खेळ खलास.

म्हणून त्याला केव्हा आणायचे, हाच खरा प्रश्न आहे. मार झेलत आत येणे त्याला परवडत नाही. सोबती धारातीर्थी पडल्यावर, किंवा मार करून माघार घेणाऱ्या 'यू-टर्न'सारख्या चालीने सोबती परतताना, त्याला फुकट प्रवेश मिळतो. अनुभवी खेळाडू आधी इतरांकरवी सायझर आणि टायरानिटार यांचा काटा काढतात. अलकझाम तोवर तंबूतच थांबतो. घाईने पहिल्याच फेरीत उतरवलेला अलकझाम बहुधा एक बळी घेऊन एक बळी देतो, आणि एवढ्यासाठी संघातील सहावी जागा खर्च करणे महागच.

2010 सालच्या पाचव्या पिढीत त्याला 'मॅजिक गार्ड' हा गुण लाभला आणि चित्र पालटले. वाळूचे वादळ, विष, मैदानात पेरलेले टोकदार खडक, यांपैकी कशानेही त्याची जीवनशक्ती घटेना. पूर्ण जीवनशक्ती असताना प्राणघातक घावातून एक अंक राखून वाचवणारा 'फोकस सॅश' इतरांच्या अंगावर या खडकांमुळे वाया जाई. अलकझामच्या कमरेला तो शाबूत राहू लागला. हल्ला तीस टक्क्यांनी वाढवून प्रत्येक वेळी मालकाचेच रक्त शोषणारा 'लाइफ ऑर्ब'ही त्याला निर्धोक झाला. दोहोंत निवड करताना पुष्कळांना ऑर्बचा मोह पडतो. पण समोर सायझर जिवंत असेल, तर सॅशने मिळणारी ती एक जादा फेरीच अधिक मोलाची.

2013 साली आलेल्या मेगा रूपाने त्याचा वेग 150 आणि विशेष आक्रमण 175 केले. जीवनशक्ती मात्र 55 च. शिवाय रूपांतराच्या फेरीत जुनाच वेग धरला जाई. ही उणीव 2016 च्या सन आणि मून आवृत्त्यांनी दूर केली. त्याच आवृत्त्यांतील 'सायकिक टेरेन' जमिनीवरील प्राण्यांना बुलेट पंचसारख्या आगाऊ चालींपासून संरक्षण देते.

दोन-दोन प्राण्यांच्या लढतींत, ज्या पद्धतीने अधिकृत जागतिक स्पर्धा होतात, 'ट्रिक रूम' ही चाल पाच फेऱ्यांपुरता क्रमच उलटा करते : मंद प्राणी आधी, चपळ शेवटी. 189 चा अलकझाम तेव्हा सर्वांच्या मागे उभा असतो. जाणते खेळाडू अशा वेळी त्याला बाहेर बसवतात आणि फेऱ्या मोजत राहतात.