‘ब्रह्मचारी’ची कॅसेट
३. ‘ब्रह्मचारी’ची कॅसेट : आचार्य अत्रे यांच्या कथेवरून मास्टर विनायक यांनी कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’साठी दिग्दर्शित केलेला, आजन्म ब्रह्मचर्याच्या आवेशाचे विडंबन करणारा आणि मीनाक्षी यांच्या पोहण्याच्या पोशाखामुळे विशेष गाजलेला हा विनोदी चित्रपट १९३८ सालचा. मूळ मजकुरातील त्याचा खेळ मात्र चित्रपटगृहातला नव्हे : गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी टीव्ही व व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने आणून, अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर उतरविलेले चित्रपट वाडीला दाखवीत, त्या प्रघाताचा हा निर्देश होय. प्रसंगातील मौजे वीर, तालुके महाड, येथे कोकण रेल्वे १९९३ साली आली. कॅसेटचा सदर प्रसंग तत्पूर्वीचा आहे. —संपादक